काळे पाणी आणि रजेचा अर्ज

महाराष्ट्रापासून दूर कोठे बदली झाली की गावाकडची मंडळी तिला थट्टेने 'काळ्या पाण्याची शिक्षा' म्हणतात. दिब्रुगड काय आणि जोधपूर काय, त्यांच्या लेखी सारखेच. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ही थट्टा एकदा तरी ऐकून घेतली असेल. आता मात्र अशा बदलीवरचे पुष्कळ लोक रजा काढून, मुलाबाळांसह, खऱ्याखुऱ्या काळ्या पाण्यावर हवापालटासाठी जाऊन येतात, आणि त्यांचे भाडे सरकार भरते. आम्हीही येत्या पौषात अंदमानास जाण्याचा बेत करीत आहो. त्या निमित्ताने थोडे जुने वाचन झाले. ते या बेतात कसे मिसळत गेले ते येथे मांडतो.

केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी रजा-प्रवासाची सवलत १९५६ च्या ऑक्टोबरात सुरू केली. दूर पडलेल्या नोकराला आपल्या मूळ गावी जाऊन यावयास मिळावे, हा तिचा हेतू. पुढे तीत चार वर्षांतून एकदा 'भारतात कोठेही' जाण्याची मुभा आली. विमानाचा हक्क नसलेल्या आमच्यासारख्या कारकुनांसही अंदमानास विमानाने जाता येईल अशी सूट २०१४ मध्ये मिळाली, आणि तिची मुदत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. गावाच्या सवलतीच्या बदल्यातही ती घेता येते. म्हणजे नियमाच्या भाषेत आम्ही आपले गाव देऊन अंदमान घेतो. आमच्या मातोश्रींना हा व्यवहार मुळीच पटलेला नाही. ज्या ठिकाणी लोकांना बेड्या घालून नेत, तेथे पैसे असोत वा नसोत, आपण होऊन का जावे, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

कचेरीत या सहलीविषयी ज्याला विचारावे तो एकच मागणे सांगतो: शांत किनारा हवा, गर्दी नको, नारळाची झाडे असावीत, समोर स्वच्छ पाणी असावे. अंदमानात हे सारे आहे. परंतु त्यातले पुष्कळसे तेथे मुळापासून नव्हते. नारळच घ्या. निकोबारात तो पूर्वापार आहे. अंदमानात त्याच्या बागा वसाहत झाल्यावर बंदिवानांच्या श्रमांनी वाढल्या. त्याच नारळाचे खोबरे सेल्युलर तुरुंगातल्या कोलूला जुंपलेल्या माणसांकडून पिळून घेत, आणि दिवसाला ३० पौंड तेल निघाले नाही तर शिक्षा होई. छायाचित्रांतील त्या डुलणाऱ्या रांगा पाहताना हे आठवल्यावाचून राहत नाही.

इंग्रजांचा तेथील पहिला प्रयोग फसला. आर्चिबाल्ड ब्लेअर याने पाहणी करून १७८९ मध्ये चॅथम बेटावर वसाहत घातली. ती १७९२ मध्ये उत्तरेकडे हलविली आणि रोगराईने माणसे मरू लागल्यामुळे १७९६ मध्ये मोडून टाकली. त्यानंतर साठ वर्षे त्या बेटांची कोणास गरज पडली नाही. गरज पडली ती सत्तावनच्या उठावानंतर. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे बंदिवान घेऊन 'सेमिरामिस' या जहाजाने तेथे उतरला. पहिल्या काही महिन्यांतच कित्येकजण जंगलात पळाले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना, पकडून आणल्यावर, वॉकरने फासावर चढविले. ते बंदिवान ज्या बंडात पकडले गेले, ते मोडणाऱ्या सेनानींची नावे पूर्वेकडच्या द्वीपमालिकेला मिळालेली आहेत: हॅवलॉक, नील, औट्रम, लॉरेन्स. कानपुरापाशी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला तो हाच हॅवलॉक, आणि अलाहाबादेच्या व कानपूरच्या फाश्यांनी कुप्रसिद्ध झाला तो हाच नील. मराठी कुटुंबे दीर्घकाळ 'हॅवलॉकला चाललो' असे आनंदाने सांगत आली. त्यात त्यांचा दोष काही नाही. नकाशावर जे लिहिलेले असते तेच तिकिटावर येते.

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला आणि या बेटांना 'शहीद' व 'स्वराज' अशी नावे देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर बरोबर ७५ वर्षांनी, २०१८ मध्ये, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरलाही २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. मात्र १९४३ चे स्वातंत्र्य जपानी संगिनींच्या छायेतले होते, हेही सांगितले पाहिजे. ध्वज फडकल्याला महिना होतो न होतो तोच, ३० जानेवारी १९४४ रोजी, हंफ्रेगंज येथे जपान्यांनी ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या.

बेटांतल्या गावांची नावे पाहावीत तर आणखी निराळी कथा निघते. स्वराज द्वीपावर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. शहीद द्वीपावर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. ही नावे फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींची. ज्यांचे गाव परदेशात गेले, त्यांनी जंगल तोडून भातशेती केली. २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने राधानगरचा किनारा आशियात उत्तम ठरविला, आणि तेव्हापासून तो सर्वांच्या यादीत पहिला असतो. आमच्या यादीत मात्र शहीद द्वीप वर आहे. ते लहान आहे, सायकलीवरून पालथे घालता येते, आणि मुलांना लाटांचे भय कमी.

एका दिवसाचा बेत मात्र स्थिर आहे: सेल्युलर तुरुंग. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला. मध्ये मनोरा आणि त्यापासून निघालेल्या सात शाखा. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांची दारे पुढच्या शाखेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचे तोंड दिसू नये. आता तीन शाखा उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे ४ जुलै १९११ रोजी दाखल झाले. वडील बंधू बाबाराव आधीच तेथे होते. दोन जन्मठेपींची मिळून पन्नास वर्षे, म्हणून त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० होते. १९२१ मध्ये दोघांनाही हिंदुस्थानात परत आणले. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी आमच्या सोबत्यांत मतभेद आहेत आणि ते प्रवासातही राहतील. कोठडीपुढे उभे राहण्याविषयी नाहीत. तेथेच १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नामदास यांचे प्राण गेले. मराठी प्रवासी एकच कोठडी पाहून खाली उतरतात, हे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

आमच्या बेतात खरा वाद झाला तो बारातांगवरून. आम्ही तीन कुटुंबे मिळून जाणार. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी तेथे जातात, आणि मोटारीचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या देखरेखीखाली तांड्याने सोडतात, छायाचित्रे काढण्यास बंदी आहे. एका सोबत्याने सरळ सांगितले की गुहा नाही दिसल्या तरी चालेल, 'वाटेत जारवा दिसतात' हेच त्या सहलीचे आकर्षण. आम्ही त्यांच्यापुढे खानेसुमारीचे आकडे ठेवले. महाअंदमानी लोक इंग्रज आले तेव्हा हजारोंनी होते. १८७७ च्या गोवरात त्यांची वस्तीच्या वस्ती उठली. १९०१ मध्ये ते ६२५ उरले, १९६१ मध्ये १९. त्यांना कोणी ठरवून मारले असे म्हणता येणार नाही; वसाहतीशी आलेली घसट, तीतून आलेले रोग आणि अफू-तंबाखूची सवय यांनी ते काम केले. जारवा दूर राहिले म्हणून वाचले. १९९७-९८ पासून ते जंगलाबाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आलीच. त्यांच्या हद्दीतला हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरी वाहतूक चालूच राहिली. मोटारीच्या काचेतून माणसे पाहण्याचा हा दिवस आम्ही आपल्यापुरता यादीतून काढला आहे. सोबत्यांचे कुटुंब जाणार की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे. त्यांच्या मुलांनी पाहण्याचा हट्ट धरला आहे आणि बाप कात्रीत सापडला आहे.

त्या दिवशी आम्ही माउंट हॅरिएटवर जाऊ. त्याला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र व त्यांचे साथी तेथे बंदीत होते. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवरचे नारळ आणि दीपगृह याच डोंगरावरून दिसतात. हवापालटाचे ठिकाण करण्यास ही टेकडी योग्य आहे काय, हे पाहण्यासाठी ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तीवर चढला होता. सूर्यास्त पाहून तो खाली धक्क्यावर आला तेव्हा काळोख पडला होता, मशाली पेटल्या होत्या. तेवढ्या उजेडात शेर अली आफ्रिदी या बंदिवानाने त्याला सुऱ्याने भोसकले. समुद्रात उभ्या असलेल्या 'ग्लासगो' जहाजावर लेडी मेयो वाट पाहत होती. शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिले.

तेथे घड्याळ आपलेच, पण सूर्य फार पूर्वेचा असल्याने पौषात पाचच्या सुमारासच मावळतो. टेकडीवरून किंवा किनाऱ्यावरून परतताना लागेल म्हणून विजेरीचे दोन नग सामानाच्या यादीत घातले आहेत. रजेचा अर्ज पुढच्या सोमवारी साहेबांच्या टेबलावर जाईल.