सरासरी कुठली, ते आधी सांगा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जागतिक तापमानाचे दोन डेटासेट एकाच आलेखात जोडले. सुरुवातीची वर्षं ब्रिटिश संचातली, पुढची नासाची. जोडापाशी रेघ किंचित वर उचललेली दिसली आणि मी खूश! काहीतरी सापडलं की! गाईडनी एवढंच विचारलं, "सरासरी कुठली?"

तिथेच सगळं फिसकटलं. ब्रिटिश संच 1961–1990 च्या सरासरीपासूनचा फरक देत होता, तर नासाचा 1951–1980 पासूनचा. उडी पृथ्वीने नव्हे, मी मारली होती.

पण मुळात तापमान न देता फरक का देतात? महाबळेश्वर मुंबईपेक्षा थंडच असणार. नुसत्या तापमानांची सरासरी काढत असताना मध्येच महाबळेश्वरचं केंद्र नव्याने जोडलं, तर आकडा खाली येतो. हवा मात्र तसूभरही गार झालेली नसते. म्हणून प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्याच दीर्घकालीन सरासरीशी करायची आणि मग ते फरक एकत्र करायचे.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. 1938 मध्ये गाय स्टुअर्ट कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने जगभरच्या केंद्रांच्या नोंदी हाताने आकडेमोड करून एकत्र केल्या आणि 1901–1930 च्या सरासरीपासूनचे फरक मांडले. शहरांच्या उष्णतेमुळे आकडे फुगलेत का, हेही तपासलं. निष्कर्ष: मागच्या अर्धशतकात वर्षाला सरासरी 0.005 अंश सेल्सिअस वाढ. कार्बन डायऑक्साइडशी त्याने लावलेला संबंध मात्र तेव्हा पटला नाही. पूर्वी भारताच्या हवामान खात्यात काम केलेल्या सर जॉर्ज सिम्पसन यांना तो योगायोग वाटला. 2013 मध्ये एड हॉकिन्स आणि फिल जोन्स यांनी कॅलेंडरचा आलेख आधुनिक आकड्यांशी ताडून पाहिला, तेव्हा तो छान जुळला.

आज हाच प्रश्न बातम्यांत गोंधळ घालतो. 2024 साठी जागतिक हवामान संघटनेने सुमारे 1.55 अंश सांगितले, नासाने 1.28. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. पहिला आकडा 1850–1900 पासूनचा आहे, दुसरा 1951–1980 पासूनचा. पाया बदलला की आकडा बदलतो, वाढीचा कल तोच राहतो.

तेव्हा आलेख काढण्याआधी आधारकाळ वहीत लिहून ठेवा. गाईडनी विचारायच्या आत.