कडा, वारा आणि मेघ

कांगड्याच्या खोऱ्यात नेमणूक असताना, धौलाधारच्या माथ्यावर दुपारी जमणारे ढग पाहणे हा आम्हां चारदोन मराठी बिऱ्हाडांचा विरंगुळा असे. त्याच रांगेवर बिलिंग येथे १९८४ साली हँग ग्लायडिंगचा मेळावा भरला होता. पंखाखाली लोंबकळणारा माणूस ढगाच्या कडेपर्यंत जाई आणि नेमका तेथूनच मागे वळे, असे जाणकारांनी सांगितले, तेव्हा आम्हांस नवल वाटले. हे वळणे माणूस कोठे शिकला, याचा शोध घेता आम्ही जर्मनीतील टेकड्यांपाशी येऊन पोहोचलो.

ओटो लिलियेंथाल याने १८९१ पासून विलोच्या लाकडाचे व कापडाचे पंख बांधून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. हातांच्या आधारे लोंबकळावे आणि पाय झुलवून तोल सांभाळावा, ही त्याची रीत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे पंख वाऱ्यात डळमळले, तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी निवर्तला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या इंजिनी विमानांवर कडक बंधने आली. तेव्हा तेथील तरुण १९२० पासून वासरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर बिनइंजिनी विमाने घेऊन जमू लागले. उतारावर आदळलेला वारा वर चढतो. त्याच्या पट्ट्यात येरझाऱ्या घातल्या, की विमान खाली येत नाही. १९२२ मध्ये आर्थर मार्टेन्स या युक्तीने तासाहून अधिक काळ हवेत राहिला.

परंतु कड्याचा वारा मोजून देतो. मेघ मागितल्याहून अधिक देतो. बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते, तिने ढगातील हवा अधिकच वेगाने वर उसळते, आणि आत शिरलेल्यास क्षितिज दिसेनासे होते. १९२६ मध्ये मॅक्स केगेल यास वादळी ढगाने असेच आत ओढले. तो सुमारे ५५ किलोमीटरवर सुखरूप उतरला, आणि लोक त्यास ‘वादळी मॅक्स’ म्हणू लागले. सर्वांचेच दैव इतके उदार नसते.

पुढे अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो व त्याच्या पत्नीने १९४८ मध्ये लवचिक पंख कल्पिला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकिन्सन याने तशा पंखाखाली त्रिकोणी दांडा जोडला, आणि लिलियेंथालची लोंबकळण्याची रीत नव्या रूपाने परत आली.

बिलिंगच्या त्या वळणात ही सारी परंपरा आहे. वर जाण्याची विद्या माणसाने वाऱ्याकडून घेतली. कोठे थांबावे, हे मात्र त्यास मेघाने शिकविले.