मालवणचे बुडालेले खडक आणि आपला मेळघाट

सुट्ट्या लागल्या की परतवाडा-अचलपुरातून कोकणाकडं गाड्या निघतात. पूर्वी गणपतीपुळ्याला जाऊन आलं की झालं. आता मालवणला जाऊन स्कूबा केला नाही तर कोकण पाहिलंच नाही, असं लोक बोलून राहिले. फोटो सगळ्यांचे सारखेच. तोंडात नळी, अंगठा वर, मागं पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे. तो फोटो निघतो त्या जागेबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून ही लांब पोस्ट.

सिंधुदुर्गाचं बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज. मधे मालवणसमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट. महाराजांनी ते निवडलं याची जी कारणं होती, त्यातलं एक पाण्याखाली आहे. बेटाभोवती जागोजागी बुडालेले खडक आहेत. वाट माहीत नसलेलं गलबत आलं की तळ फुटलाच म्हणून समजा. किल्ल्याची तटबंदी सगळ्यांना दिसते, पण तिच्याआधी शत्रूला हे खडक लागायचे. वाट ठाऊक होती ती इथल्या दर्यावर्द्यांना आणि कोळ्यांना.

आज नवख्या माणसाला पाण्यात उतरवतात ते याच खडकांपाशी. खोली थोडी, खडकांवर प्रवाळ आणि प्रवाळाच्या आसऱ्याला मासे. पोहता येत नसलं तरी चालतं, सोबतचा गाईड धरूनच ठेवतो. ज्या दगडांनी किल्ला राखला, त्यांच्यावरच आता शेकडो घरं चालतात.

विजयदुर्गाचीही अशीच कथा. शत्रूची जहाजं किल्ल्याजवळ येता येता फुटायची, कारण पाण्यात भिंत आहे, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. ऐकणाऱ्याला ती दंतकथा वाटे. मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक पाणबुड्यांच्या वेशात खाली उतरले आणि सुमारे सव्वाशे मीटर लांबीची भिंत त्यांना खरंच सापडली. माणसांनी रचलेली. अर्थात भिंतीनं सगळं काही वाचत नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच विजयदुर्गाच्या खाडीत जळालं. समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले होते, आणि त्यांच्याशी हातमिळवणी केली होती आपल्याच पेशव्यांनी. मराठ्यांचं सगळ्यात दमदार आरमार मराठ्यांच्याच संमतीनं बुडालं. शाळेच्या पुस्तकात यावर दोन ओळी असतील तर खूप झालं.

आंग्र्यांचं नाव मात्र समुद्रात टिकलं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत अरबी समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजींच्या नावावरून. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथं आपल्यासारख्या हौशी लोकांचं काम नाही, मुरलेल्या डायव्हरांनीच जावं.

आता मेळघाट. आपल्याकडं 1974 च्या सुमारास व्याघ्रप्रकल्प आला. पुढं बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठून अकोटकडं आली. त्याचं बरं-वाईट आपण अजून बोलतोच. मालवणलाही 1987 मध्ये असाच कागद निघाला. 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य. गाभा कुठला, तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे हेच खडक. मच्छीमार भडकले. साहजिक आहे. जिथं बापजाद्यांनी जाळं टाकलं, तिथं एक दिवस सरकार सांगतं की आता हे राखीव. कोरकू माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

फरक पुढं पडला. समुद्रातून गाव उठवता येत नाही. विरोध इतका होता की अभयारण्य बरीच वर्षं बहुतेक कागदावरच राहिलं. नंतर केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प सिंधुदुर्गात आला, त्यात स्थानिक पोरांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचं शिक्षण दिलं गेलं. तारकर्लीला एमटीडीसीनं स्कूबा शिकवणारी संस्था काढली. मासेमारीच्या घरातली पोरं गाईड झाली. प्रवाळ जिवंत राहिलं तरच आपला धंदा, हे त्यांना कोण्या साहेबानं सांगायची गरज उरली नाही. आपल्याकडं सफारीच्या जिप्सीवर कोरकू गाईड दिसतात तेव्हा मला हे आठवतं. फक्त आपल्याकडं आधी गावं उठली.

मालवणला सगळं गोड आहे असंही नाही. गर्दी वाढली तसे नांगर प्रवाळावर पडू लागले, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली जातात, लोक प्रवाळावर उभे राहतात. वाघाला कायद्याचं जे संरक्षण, तेच प्रवाळालाही आहे, म्हणजे अनुसूची एक. वाघावर पाय द्यायची कोणाची हिंमत होते का? त्यात पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, तो त्रास वेगळाच. आणि 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. म्हणून पैशांची घासाघीस करण्याआधी बोटीत किती माणसं कोंबली आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, हे पाहा.

नौदलाची 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवायचा प्रकल्प राज्य सरकारनं घेतला आहे. पाण्याखालचं संग्रहालय आणि माशांना आसरा, असा विचार. कल्पना चांगली आहे. तिथले परवाने निवतीच्या पोरांना मिळतात की बाहेरच्या कंपनीला, यावर माझं लक्ष राहील.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. किल्ल्यापाशी पंधरा-वीस फुटांवर होतो तो फक्त अनुभव, त्याला डायव्हिंग शिकलो म्हणू नये. खरं शिकायचं तर तीन-चार दिवसांचा 'ओपन वॉटर' कोर्स असतो, त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. सर्दी असेल तर उतरूच नका, दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि तो आधी कानाला कळतो. आपल्या लोकांसाठी आणखी एक. खोल डाइव्ह केली असेल तर त्याच दुपारी गाडी काढून आंबोली घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एक रात्र मालवणातच काढा, तशीही परतवाड्यापर्यंतची वाट लांबच आहे.