ताक विकायचं नसतं

ताक विकायचं नसतं, हे आपल्या सासू-आजेसासूंच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. तूप विकायचं, पण ताक शेजारणीच्या गडव्यात ओतायचं. आज आपल्याच गावातल्या दुकानात ताकाची पिशवी पैसे देऊन मिळते. हे कसं झालं, याचा शोध आमच्या गटांच्या बैठकांमध्ये आम्ही घेतला. म्हाताऱ्या बायांना विचारलं, थोडं वाचलं. घरात कोण काय पितं, याचाही एक इतिहास असतो, हे तेव्हा कळलं.

आधी ताकाचंच सांगू. पूर्वी दूध लांब नेता येत नव्हतं, उन्हात नासायचं. तूप मात्र महिनोन्‌महिने टिकतं, डब्यात भरून खामगाव-मलकापूरच्या बाजाराला जातं. म्हणून घरोघरी दुधाचं विरजण लागे, पहाटे डेऱ्यात रवी फिरे, लोणी निघे आणि कढवून त्याचं तूप होई. आता हिशेब करा. एक किलो तूप काढायला म्हशीचं पंधरा-सोळा लिटर दूध लागतं, गाईचं पंचवीसच्या आसपास. लोणी काढून घेतल्यावर तेवढंच, वर घातलेलं पाणी धरून त्याहून जास्त ताक उरतं. एवढं ताक एका घराला पिऊन संपत नाही आणि उद्या ते जास्त आंबट होतं. म्हणून ते वाटलं जायचं. त्यात माया होती हे खरं, पण त्यामागे तुपाचा बाजारही होता.

आणि सगळ्यांना ते सारखं मिळत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांच्या दारात दुभतं जनावर नव्हतं, त्या बाया मोठ्या वाड्यावर ताक मागायला जात. ताकाच्या बदल्यात अंगण झाडायचं, शेण काढायचं, असं न बोलता ठरलेलं असे. ज्यांना गावानं अस्पृश्य मानलं, त्यांच्या भांड्यात ताक वरून ओतलं जाई आणि भांड्याला भांडं लागू दिलं जात नसे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीनं घेतलं, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. उन्हाळ्यात गारेगार ताकाच्या आठवणी काढताना आपल्या काही मैत्रिणी गप्प बसतात, त्याचं कारण हे आहे. आज एकाच गटात सगळ्यांचे पेले एकाच ताटात असतात. ही गोष्ट आम्हाला ताकाच्या चवीपेक्षा मोठी वाटते.

ताकाची सख्खी बहीण म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळत शिजवायचं, मीठ-जिरं घालायचं, कुणी लसूण ठेचून घालतं. गार झाली की पातळ करून प्यायची. शेतावर जाणाऱ्या माणसाचं ते पाणीही होतं आणि न्याहारीही. आपल्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला पुरणपोळीशेजारी आंबील लागतेच. रोजच्या गरिबाच्या पेयाला देवीच्या ताटात जागा आहे, हे आम्हाला फार आवडतं. पण वर्षातून एकदा नैवेद्यापुरती उरण्याचं कारण शेतातच आहे. साधारण १९९० नंतर आपल्या जिल्ह्यात सोयाबीन वाढत गेलं आणि ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरं कमी झाली, आणि जनावरं कमी झाल्यावर ताक कुठून येणार?

अक्षय्य तृतीयेला म्हणजे आपल्या अखाजीला चिंचवणी करायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. चिंच कोळून गूळ घालायचा, वेलची असेल तर असेल. सोबत कुरडई, आणि पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर. त्याच दिवशी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. त्या घटाच्या मधोमधही पाण्याची घागरच असते. भाकीत खरं ठरतं की नाही हा वाद ज्याचा त्यानं करावा. आम्हाला दिसतं ते एवढंच की ऐन वैशाखात या मुलखानं पाण्यालाच सणाच्या मध्यभागी ठेवलं. कैरीचं पन्हं त्याच दिवसांतलं. कैरी उकडायची किंवा चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायची, गर काढायचा, गराच्या दीड-दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ. भाजलेल्या कैरीचं पन्हं आमच्या मते सरस, पण गॅस आल्यापासून उकडणंच चालतं.

उन्हातून पाहुणा आला तर पूर्वी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे यायचा. आता चहा येतो. हा बदल आपोआप झाला नाही, तो कुणीतरी पैसे खर्चून घडवला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा आला. ही गाडी आली ती आपल्या कापसासाठी. चहा तेव्हा आसामात पिकत होता, पण विलायतेला जात होता. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाची जाहिरात सुरू झाली. पुढे १९३० नंतरच्या मंदीत जगात चहाचे भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांची नजर आपल्या लोकांकडे वळली. स्टेशनावर, गिरण्यांत, जत्रांत चहा करून दाखवायचा, फुकट नाहीतर अगदी स्वस्तात पाजायचा. चहा प्यायल्यानं तरतरी येते, असे फलक लागले. दोन पिढ्यांत चहा न देणं हा पाहुण्याचा अपमान ठरला. आम्हीही दिवसातून तीनदा पितो, नाही म्हणत नाही.

चहाला दूध लागतं आणि दुधाला आता गिऱ्हाईक मिळालं. १९७० मध्ये देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. पुढे गावोगाव दूध संकलन वाढलं, सकाळीच कॅन भरून जाऊ लागले. जे दूध विरजणात पडायचं ते डेअरीत गेलं. तूप नाही म्हणून घुसळण नाही, घुसळण नाही म्हणून ताक नाही. यावर हळहळणारे लोक भेटतात. त्यांना आम्ही विचारतो, पहाटे चारला उठून रवीची दोरी कोण ओढत होतं? ते कष्ट सुटले हे बरंच झालं. वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. धारा काढते बाई, वैरण घालते बाई, आणि डेअरीच्या पुस्तकात नाव बऱ्याचदा घरधन्याचं. तूप-लोण्याचे चार पैसे निदान बाईच्या डब्यात पडत होते.

मग आल्या बाटल्या. कोका-कोला कंपनी १९७७ मध्ये देशातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. शहरांत जम बसल्यावर २००३ मध्ये २०० मिलीची छोटी बाटली पाच रुपयांना काढली, ती खास आपल्यासारख्या गावांसाठी. त्याच वर्षी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा अहवाल काढला, संसदेची समिती बसली, आणि २००४ मध्ये समितीनंही ते निष्कर्ष मान्य केले. पण बाटली काही गावातून गेली नाही. लग्नात पन्हं ठेवलं तर कंजूषपणा आणि बाटली ठेवली तर थाट, हे गणित अजून सुटलेलं नाही. अशा ३०० मिलीच्या कोल्याच्या बाटलीत तीस ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. एवढी साखर आपण पोराच्या पेल्यात स्वतःच्या हातानं घालू का?

पूर्णाकाठच्या मैत्रिणींना मात्र फक्त पन्हं करा म्हणून सांगून भागत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातला खारपाणपट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, पन्हं काय गोड लागणार? मूत्रपिंडाच्या आजारानं तिथली किती घरं पोळली आहेत. वान प्रकल्पावरून १४० गावांची पाणीयोजना आली ती याचसाठी. तिथं पेय करायचं तर नळयोजनेचं गोडं पाणीच घ्या, मीठ हात राखून घाला. आणि घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर पन्हं, ताक, सरबत यातलं काय द्यायचं आणि किती, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आता घरच्या पेयानं केलेल्या सगळ्यात मोठ्या कामाबद्दल. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरला आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायांनी दारोदार जाऊन एक कोटीहून जास्त घरांत हेच शिकवलं, आणि तेही गुळानं. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. नंतर दुसरं माणूस जाऊन त्या घरच्या आईला किती आठवतं ते तपासायचं आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. अक्षरओळख नसलेल्या आयांनी ते पाठ केलं.

आपल्याकडे त्याला जलसंजीवनी म्हणतात. पुडी नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ कधीही जास्त नको. तोंडात अश्रूंइतकंच खारट लागलं पाहिजे, त्याहून खारट झालं तर ओतून द्या आणि नव्यानं करा. जुलाब लागलेल्या लेकराला घोटघोट पाजत राहायचं आणि ते मलूल पडलं, डोळे खोल गेले, काहीच पोटात ठरेना, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. पुडी आशाताईंकडे मोफत मिळते. दुकानातून घ्यायची वेळ आली तर रंगीत खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पाणी ‘ओआरएस’ म्हणून घेऊ नका. अशा पेयांवर ते नाव छापायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, पण जुना माल एखाद्या दुकानात पडून असू शकतो. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, असं लिहिलेलं आहे का ते पाहा. वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीला वाचायला लावा.