न दुखणारी व्याधी

मुंबईच्या कापड गिरण्यांतील साडेपाच हजार कामगारांनी १८८४ साली एका अर्जावर सह्या केल्या. नेते होते नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. पुढे सहा वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण तयार केले. शरीराला विसावा हवा, हे कामगारांना मोजमापाआधीच कळले होते.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. मोजल्याशिवाय तो कळत नाही. कळतो तेव्हा कित्येकदा पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेला असतो.

गिरणगावातले आयुष्य आठवून पाहा. साचेखात्यात कानाशी तोंड नेऊन बोलावे लागे, एवढा आवाज. आलटून पालटून येणारी रातपाळी आणि गजबजलेल्या चाळीत दिवसाची अर्धवट झोप. बदली कामगाराला तर आज काम मिळेल का, हा रोजचा घोर. जेवणात सुकी मासळी, पापड, लोणचे, जोडीला तंबाखू. आज डॉक्टर ज्यांना जोखमीचे घटक म्हणतात, त्यांतले कितीतरी तिथे एकत्र नांदत होते.

१९४८ साली आपल्याकडे कारखाना कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा झाला. कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन हृदयतपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा धोका तिने ठळक केला. कारखाना कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस होते, रक्तदाब नव्हता. त्याला एकच कारण दाखवता येत नाही. त्यामुळे पक्षाघात झालेल्या कामगाराचे दुखणे त्याच्या सवयींच्या किंवा नशिबाच्या खात्यावर पडले.

मीठ कमी करा, तंबाखू सोडा, हा सल्ला योग्यच आहे. पण तो अर्धाच आहे. पाळ्यांचे वेळापत्रक, यंत्रांचा आवाज आणि नोकरीची शाश्वती कामगाराच्या एकट्याच्या हातात नसते. म्हणून कारखान्यात रक्तदाब नियमित मोजला जावा. आकडा १४०/९० च्या वर वारंवार दिसला, तर औषधाबरोबर त्याच्या पाळीचाही विचार व्हावा.