दीड इंचाचा इतिहास

मंडळाच्या उन्हाळी सहलीला एकदा मी माझी जुनी एमजीबी घेऊन गेलो होतो. हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची, १९७६ सालची. मुलांनी तिच्यात बसून फोटो काढून घेतले. मोठ्यांनी "केवढ्याला पडली?" हा आपला ठरलेला प्रश्न विचारला. एक गृहस्थ मात्र गाडीभोवती चक्कर मारून म्हणाले, "अहो, स्पोर्ट्स कार म्हणता, मग ही अशी टाचा उंचावून का उभी?"

प्रश्न नेमका होता. पण तेवढ्यात बटाटेवडे आले आणि उत्तर राहून गेले. ते आज देतो.

आधी या गाडीचे आणि आपले नाते सांगतो. आपली अॅम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात पुढे १४८९ सीसीचे 'बी-सीरीज' इंजिन आले. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले, म्हणजे थोरल्या भावाचे म्हणा. मी पहिल्यांदा बॉनेट उघडले तेव्हा लहानपणी काकांच्या अॅम्बेसेडरपाशी तासन् तास उभा राहिलेला मुलगा माझ्यात जागा झाला. काकांची गाडी नऊ माणसे आणि आंब्याच्या पेट्या वाहून मागे बसली, की मिस्त्री कमानीला एक पाटा वाढवून द्यायचे. गाडीची उंची ओझे आणि रस्ता ठरवतात, हे मी तिथेच शिकलो. ती कायदाही ठरवतो, हे कळायला मात्र अमेरिकेत यावे लागले.

एमजीबी १९६२ साली अॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली. ठेंगणी, चकचकीत क्रोमचे बंपर, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांची कमान. १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशी, मुख्यतः अमेरिकेत आल्या. त्यामुळे अमेरिकेला शिंक आली की अॅबिंग्डनला पडसे होई.

आणि इथे शिंक आली ती एका पुस्तकाने. १९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ अॅट एनी स्पीड' प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअरवर, आणि त्यातला मुद्दा सस्पेन्शनचा आणि टायरचा. इंजिन मागे असलेल्या या गाडीचे मागचे सस्पेन्शन असे होते की वळणावर ती दगा देऊ शके. ते सावरण्याची भिस्त टायरमधल्या हवेवर होती: पुढे १५ पौंड, मागे २६. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने चारही चाकांत सारखी हवा भरली की तो तोल गेलाच. पुस्तकाने गदारोळ झाला आणि १९६६ साली मोटार सुरक्षेचा कायदा संमत झाला.

त्या कायद्याखाली पुढे बंपरचे नियम आले. १९७३ च्या मॉडेलांपासून पुढचा बंपर ताशी ५ मैलांच्या आणि मागचा अडीच मैलांच्या धडकेत टिकला पाहिजे, असे ठरले. पुढच्या वर्षी मागच्यालाही ५ मैलांची अट लागू झाली, शिवाय जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धडका देऊन चाचणी घ्यायचे ठरले. हेतू सरळ होता: सगळ्यांचे बंपर एका पातळीवर असले तर एकाचा बंपर दुसऱ्याच्या दिव्यात घुसणार नाही. बारा वर्षांपूर्वी आखलेल्या ठेंगण्या गाडीने काय करावे? नव्या आराखड्यासाठी ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. त्यांनी १९७४ च्या उत्तरार्धात क्रोम काढून पोलादी सांगाड्यावरचे काळे रबरी बंपर लावले आणि अख्खी गाडीच सुमारे दीड इंच वर उचलली. वेगळे उत्पादन परवडत नसल्यामुळे इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांनाही तीच उंच गाडी घ्यावी लागली!

दीड इंच म्हणजे काय, असे वाटेल. पण गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी अधिक कलते. ती कलली की मागच्या कमानी कमीअधिक दबतात, आक्स किंचित तिरका होतो आणि मागची चाके आपल्या मर्जीने थोडी वळतात. त्यात भर म्हणून कलणे रोखणारा पुढचा दांडा, अँटी-रोल बार, १९७५ च्या उघड्या गाड्यांवरून काटकसरीपायी काढला गेला. कॉर्व्हेअरच्या वळणावरून सुरू झालेल्या कायद्याने दुसऱ्याच एका गाडीचे वळण बिघडवले.

माझी गाडी मी २००९ साली घेतली. आधीच्या मालकाने ती 'खाली आणली' होती. पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापून टाकलेला, मागे काहीच केलेले नाही. नाक खाली, शेपूट वर. टायर रुंद आणि बुटके, १८५/६० आर १४ मापाचे. नक्षी खोल होती. जवळच्या गॅरेजने पाहून "टायर उत्तम" असा शेरा दिला आणि मी निश्चिंत झालो.

महिन्याभराने पावसात हायवेवरून खाली उतरणाऱ्या गोल रॅम्पवर गाडीची शेपूट सुटली आणि आम्ही उलट्या तोंडाने गवतात उभे राहिलो. शेजारी माझी सतरा वर्षांची मुलगी होती. कोणाला खरचटलेही नाही. पण "बाबा, आपण कुठे चुकलो?" हा तिचा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. वेग तर बेताचाच होता.

चूक टायरच्या बगलेवर छापलेली होती. २००० सालापासून डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर तीनच आकडे होते. म्हणजे ते गेल्या शतकातले, किमान नऊ वर्षांचे. जुनी गाडी वर्षाला हजार मैलही चालत नाही. नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारे होऊन लाकडासारखे टणक होते.

मग मी वही घेऊन बसलो. माहितीपुस्तकातले माप १६५ एसआर १४. आजच्या १६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, १८५/७० चा ६१५, आणि १८५/६० चा ५७८. म्हणजे बुटक्या टायरने गाडी आणखी २१ मिलिमीटर खाली गेली होती आणि ताशी ६० मैलांना काटा ६४ दाखवत होता. मी १६५/८० घेतले. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला अरुंद टायर हाताला हलके लागतात, आणि पकड सुटण्याआधी सूचनाही देतात.

उंची मोजायची ती जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. म्हणजे टायर बदलला तरी माप बदलत नाही. कापलेल्या स्प्रिंग काढून नव्या घातल्या. मागच्या कमानींचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले. ती जॅकवर असताना आवळले तर आतले रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात, लवकर फाटतात आणि उंचीही चुकते.

आता मुख्य प्रश्न: किती उंची ठेवायची? या गाड्यांचे बहुतेक शौकीन मागे आक्स आणि कमान यांच्यामध्ये ठोकळे घालतात, पुढे आखूड स्प्रिंग बसवतात, क्रोमचे बंपर आणतात आणि १९७४ सालचा तो प्रसंग पुसून टाकतात. त्यात गैर काही नाही. नीट केले तर गाडी छान चालते. पण कारखान्याने स्वतः काय केले ते मी पाहिले. १९७७ च्या मॉडेलला त्यांनी उंची तशीच ठेवून पुढे-मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार दिले आणि गाडी बरीच ताळ्यावर आली. मीही तेच केले.

गंमत अशी की १९८२ साली सरकारने ५ मैलांची अट पुन्हा अडीचवर आणली. पण अॅबिंग्डनचा कारखाना १९८० च्या ऑक्टोबरातच बंद झाला होता.

तर त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: ही गाडी या देशात राहायला आली आणि इथल्या नियमासाठी तिला आपली ठेवण बदलावी लागली. प्रथम तोल गेला, मग तिने तो नव्या उंचीवर सावरला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मुलगी आता स्वतःच्या घरी असते. आली की किल्ली मागते. देण्याआधी मी चारही टायरची हवा बघतो, आणि ती वाकून वर्षाचे आकडे वाचते.