शेलच्या प्रारंभ-फाइली : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहिण्याची जागा

युनिक्स कुळातील प्रणालींत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमजवळ नाव-मूल्य अशा जोड्यांचा एक संच असतो. त्यातील एकेक जोडी म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ते ‘पाथ’ सांगतो, भाषा कोणती ते ‘लँग’, घड्याळ कुठले ते ‘टीझेड’. ही व्यवस्था युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत बोर्न शेल या कमांड स्वीकारून चालवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर रुजली. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की नव्याला या संचाची प्रत मिळते. प्रतीत केलेला बदल मूळ संचापर्यंत पोचत नाही. कोणती ओळ कुठे लिहायची याचा निर्णय याच नियमावर ठरतो.

लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा बॅश हा शेल १९८९ चा. लॉगिन करताना तो आधी सर्वांसाठीची ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचतो. मग घरच्या फोल्डरात ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ या क्रमाने शोध घेतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. उबुंटूवर ‘.प्रोफाइल’ आधीपासून असते. तिथे एखाद्याने नवी ‘.बॅश_प्रोफाइल’ तयार केली की जुनी फाइल वाचलीच जात नाही आणि काल चालणाऱ्या कमांड आज सापडेनाशा होतात. दोष शोधताना सगळ्यात आधी हे पाहावे. लॉगिनशिवाय उघडलेली टर्मिनलची खिडकी मात्र ‘.बॅशआरसी’ वाचते.

व्हेरिएबल वारशाने मिळतात, म्हणून त्यांना या वारशात घालणाऱ्या ‘एक्सपोर्ट’च्या ओळी लॉगिनच्या फाइलीत एकदाच लिहाव्यात. एलियस, म्हणजे कमांडची टोपणनावे, आणि प्रॉम्प्टची सजावट अशी पुढे जात नाही. त्यांची जागा ‘.बॅशआरसी’त. ‘पाथ’मध्ये भर घालणारी ओळ ‘.बॅशआरसी’त लिहिली, तर शेलच्या पोटात शेल उघडताना तेच फोल्डर पुन्हा पुन्हा जोडले जाते.

ओळ चुकीच्या फाइलीत लिहिली की काय होते, याचे नागपूरचे उदाहरण घेऊ. शहर सुमारे ७९° ०५′ पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ वरची. एका अंशाला चार मिनिटे धरली तर नागपूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे १३ मिनिटे ४० सेकंद मागे चालतो. संगणकाच्या कालक्षेत्र-यादीत नागपूरचे वेगळे नाव नाही. ‘टीझेड’मध्ये ‘एशिया/कोलकाता’ असेच लिहावे लागते. भाड्याचे सर्व्हर मात्र बहुधा यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असतात. सीताबर्डीत बसलेल्या कुणी अशा सर्व्हरच्या ‘.बॅशआरसी’त ‘टीझेड’ लिहिले, की ‘डेट’ कमांड लगेच नागपूरची वेळ दाखवते आणि काम झाले असे वाटते. पण ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनला सकाळी ९ साठी सोपवलेले काम दुपारी अडीचला होते. क्रॉन ही त्या टर्मिनलची संतती नव्हे. ती प्रणालीबरोबर आधीच सुरू झालेली असते आणि घरच्या फोल्डरातल्या या फाइली वाचत नाही. इथे प्रणालीचेच कालक्षेत्र बदलून क्रॉन पुन्हा सुरू करणे हा उपाय.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांना ‘लँग’ जास्त जवळचा. अनुक्रम ‘सी’ या कोणत्याही भाषेचे नियम न पाळणाऱ्या लोकेलवर (भाषा-मांडणीवर) राहिला तर शब्द युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लागतात. तिथे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवलेले असल्याने ‘काळ, कावळा, काहूर’ असा क्रम मिळतो. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. तिच्याप्रमाणे ‘कावळा, काहूर, काळ’ हवे. क्रमवारीपुरते ‘एलसी_कोलेट’ पाहिले जाते, ते नसेल तर ‘लँग’. ‘एलसी_ऑल’ या दोघांवर मात करते. म्हणूनच ते प्रारंभ-फाइलीत कायमचे लिहू नये. तिथे ‘लँग’ पुरेसा आहे.

सर्व वापरकर्त्यांसाठी डेबियन-उबुंटूवर ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल असते. ती शेल वाचत नाही, त्यामुळे तिच्यात ‘एक्सपोर्ट’ न लिहिता नुसती नाव-मूल्याची जोडी द्यावी. मॅकवर २०१९ पासून झेड शेल मूळचा आहे. त्यात ‘.झेडप्रोफाइल’ लॉगिनसाठी आणि ‘.झेडशआरसी’ संवादी वापरासाठी असते, ‘.झेडशएन्व्ही’ मात्र स्क्रिप्ट चालतानाही वाचली जाते, तेव्हा तिच्यात अगदी थोडे लिहावे. फाइलीतला बदल चालू टर्मिनलमध्ये आपोआप येत नाही. त्यासाठी ‘सोर्स’ कमांड द्यावी किंवा नव्याने लॉगिन करावे.